एकच तर पायरी आहे

हॅकेथॉन म्हणजे काय, हे वडिलांना फोनवर समजावताना मी दोनदा अडखळले. शेवटी म्हटलं, "एक प्रश्न देतात. दोन-तीन जणांचा गट करून दोन दिवसांत कॉम्प्युटरवर त्याचं उत्तर तयार करून दाखवायचं."

"म्हणजे परीक्षाच की," ते म्हणाले. "प्रश्न कसला आहे?"

"अपंग माणसांना शहरात फिरणं सोपं कसं होईल, असा."

त्यांनी प्रश्न स्वतःशी एकदा म्हणून बघितला. मग म्हणाले, "चांगला आहे प्रश्न. नीट लिही."

माझे वडील तालुक्याच्या एसटी डेपोत, वर्कशॉपला हेल्पर आहेत. बारावीपर्यंत मी त्याच गावात शिकले, पुढे शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग केलं. घरात डिग्रीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे मी काहीही करायला घेतलं की घरच्यांच्या लेखी तो एक पेपर असतो, आणि खरं सांगायचं तर माझ्याही लेखी. आता मी गिरगावात पेइंग गेस्ट म्हणून राहते आणि एका लहान कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम कुठे फसेल ते शोधून काढायचं. हे काम आपल्याला चांगलं जमतं, अशी माझी समजूत होती.

हॅकेथॉन दादरच्या एका कॉलेजात होतं, शनिवार आणि रविवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. प्रत्येक गटात एक अपंग व्यक्ती असणार, असा नियम होता. तो मला आवडला. आमच्या गटात तिघं होतो. एक मी. दुसरा दादरचाच, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. त्याची बोटं कीबोर्डवर इतकी वेगात चालायची की बघत बसावं. आणि तिसरी लालबागची ताई.

ताई बत्तीस-तेहतीस वर्षांची असेल. बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीत बसून आली. पाय कशामुळे गेले ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मी "तुम्ही कुठून आलात?" असं सुरू केल्याबरोबर ती म्हणाली, "तुम्ही-बिम्ही नको गं. दोन दिवस एका टेबलावर बसायचंय. तू म्हण."

दादरकराने लगेच लॅपटॉप उघडला. "माझ्या डोक्यात सॉलिड आयडिया आहे. पूर्ण मुंबईचा नकाशा. जिथे व्हीलचेअर जाते तिथे हिरवा ठिपका, जात नाही तिथे लाल. कुठूनही कुठेही जायचं असू दे, ॲप रस्ता सांगणार. एकदम भारी."

"अख्खी मुंबई घेऊन मी काय करू?" ताई म्हणाली. "मला घर ते ऑफिस पाहिजे. सोमवारपासून. म्हणजे परवाचा नाही, त्याच्या पुढचा सोमवार."

मग तिने सगळं सांगितलं. चार महिन्यांपूर्वी तिला लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरी लागली होती. ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची, ती घरून लिहायची. आता कंपनीने पत्र काढलं होतं की सगळ्यांनी आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात यायचं. ज्यांना जमणार नाही त्यांनी तसं कळवावं.

"आणि कळवलं तर?" मी विचारलं.

"तर फार गोड भाषेत निरोप देतील. तुमची अडचण आम्ही समजू शकतो वगैरे." ती हसली. "ती गोड भाषा मीच लिहिते रोज. मला माहितीये ती कशी असते."

तिचा भाऊ परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे. त्याची ड्युटी सकाळी सातला सुरू. तो म्हणत होता, नोकरी सोड, घरून करायची दुसरी बघू. ताईला ते नको होतं. एकदा आपण जमत नाही म्हटलं की पुढच्या वेळी कुणी विचारणारच नाही, आपल्यालाही आणि आपल्यासारख्या दुसऱ्या कुणालाही नाही, असं तिचं म्हणणं. तिला लालबाग ते लोअर परळ एकटीने जायचं होतं, खुर्चीवर बसून, कुणाच्याही हातांशिवाय. आणि वाटेत औषधाचं दुकान, एटीएम, अडलं तर थांबता येईल असा दवाखाना आणि खुर्ची आत जाईल असं एखादं स्वच्छतागृह कुठे आहे, हे माहीत हवं होतं.

आम्ही काम वाटून घेतलं. दादरकर प्रोग्राम लिहिणार, मी माहिती गोळा करणार. तेवढ्यात चहा आला. ताईने कप बाजूला सरकवला. तिला चहा आवडत नसेल, असं मी धरून चालले आणि तिचाही कप मीच प्यायले.

दुपारभर मी फोन करत होते. त्या रस्त्यावरच्या दुकानांचे, बँकांचे, दवाखान्यांचे, इमारतींच्या सिक्युरिटीचे नंबर नेटवर मिळाले. एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं, "नमस्कार, तुमच्याकडे आत यायला पायऱ्या आहेत का?" लोक चांगले बोलले. मुंबईत कुणाला वेळ नसतो असं ऐकून आले होते, पण कुणी फोन आपटला नाही. चौतीस ठिकाणं झाली आणि जवळजवळ सगळ्यांचं उत्तर तेच: "नाही नाही, पायऱ्या नाहीत, या तुम्ही." ताईच्या ऑफिसच्या इमारतीचा वॉचमन तर म्हणाला, "एकदम प्लेन आहे मॅडम."

पाच वाजता दादरकराने नकाशा उघडला. लालबागपासून लोअर परळपर्यंत हिरव्या ठिपक्यांची माळ लागली होती. त्याने टाळी मागितली, मी दिली. आपला पेपर चांगला गेला, असं मला मनापासून वाटलं.

ताईने स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा मेडिकलवाला काय म्हणाला?"

"पायऱ्या नाहीत म्हणाला."

"बरं." तिने बोट उचललं. "उद्या आठ वाजता लालबागला या दोघं. हे हिरवं हिरवं जरा चालून बघू."

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा ती चाळीच्या तळमजल्यावर, खोलीच्या दारातच तयार बसली होती. दारासमोर भावाने केलेली फळी होती, जाड लाकडाची, वर रबराची चटई खिळे मारून बसवलेली. भाऊही होता, रविवारची सुट्टी होती त्याची. मला बघून म्हणाला, "तुम्हीच का इंजिनिअर? सांगा जरा हिला. मी दिवसभर परक्या माणसांना उचलतो. बहिणीला उचललं तर हिचं काय जातं?"

"तुझी कंबर जाते," ताई म्हणाली.

"माझी कंबर मी बघेन ना."

"आणि माझं ऑफिस मी बघीन. फळी धर."

त्याने फळी पायाने दाबून धरली. ती उतरली. गल्लीच्या तोंडापर्यंत तो मागे मागे आला, मग थांबला. तिने मागे वळून बघितलं नाही. मी बघितलं. तो तसाच उभा होता, हात कमरेवर ठेवून.

पहिलाच ठिपका मेडिकलचा. दुकानासमोर एक पायरी होती. एकच. वर कडाप्पा, कडा झिजून गोल झालेल्या. ताईने खुर्ची पायरीला लावली, वाकली आणि बोटं आडवी धरून उंची मोजली. "चार. माझी खुर्ची दोन बोटं चढते. तीन झाली की माझ्यासाठी ती भिंत. पंधरा वर्षं मी याच्याकडून औषध रस्त्यावरूनच घेते."

दुकानदाराने आतून हाक मारली, "काय गं, आज पलटण घेऊन?"

मी त्यांना विचारलं, "काका, काल मी फोन केला होता. तुम्ही पायऱ्या नाहीत म्हणालात."

"मग कुठे आहेत?" त्यांनी काउंटरवरून मान बाहेर काढून बघितलं. "ही होय? ही एकच तर आहे."

त्यांनी मला फसवलं नव्हतं. रोज शंभरदा ती पायरी ओलांडणाऱ्या माणसाला ती पायरी वाटतच नव्हती. पुढे बँक रविवारची बंद होती, पण तिथल्या वॉचमनचं तेच. दवाखान्यात तेच. एटीएमला दोन होत्या, तिथला माणूस म्हणाला, दोनच आहेत. मिरच्या वाळत घातलेल्या मसाल्याच्या दुकानांवरून शिंकत शिंकत जाताना मी वहीत एकेका ठिपक्यावर काट मारत होते, आणि प्रत्येक काटेबरोबर कानात माझाच काल दुपारचा आवाज येत होता: पायऱ्या आहेत का? मी स्वतः तपासनीस. प्रोग्रामला कसे प्रश्न विचारायचे यावर माझं पोट चालतं. आणि ज्या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात तो प्रश्नच चुकलेला असू शकतो, एवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रेल्वेवरच्या पुलाच्या चढाला खुर्चीचा वेग कमी झाला. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. ताई वळून ओरडली, "अरे बाबा, तुझं डिझेल आहे, माझी बॅटरी आहे. थांब ना!" तो हसला आणि थांबला. पूल तिने पार केला. मला वाटत होतं सगळ्यात अवघड पूल असेल. तो नव्हता.

ऑफिसची इमारत गिरणीच्या जुन्या आवारात होती, काचेची, उंच. दारापर्यंत गुळगुळीत फरशी. आणि दाराच्या बरोबर समोर, इमारतीच्या रुंदीइतकी लांब, काळ्या ग्रॅनाइटची एक पायरी. ताईने बोटं लावली. पाच.

"काल फोन मी केला होता," मी वॉचमनला म्हटलं. "तुम्ही प्लेन आहे म्हणालात."

"प्लेनच आहे मॅडम. एकच तर पायरी आहे." मग त्याने खुर्ची बघितली. "काळजी नको. उचलतो ना आम्ही. चार जण आहोत."

तो पुढे झाला, आणि त्याच्याबरोबर मीही. विचार न करता माझा हात खुर्चीच्या दांड्यावर गेला.

"हात काढ," ताई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. मी हात काढला. ती वॉचमनला म्हणाली, "दादा, ही खुर्ची माझ्यासकट उचलायला जाल तर एकाचा तरी हात सुटेल. एकदा सुटलाय. आणि आठवड्यातून तीन दिवस, येताना-जाताना, तुम्ही चौघं मला उचलणार? तुमच्या सुट्टीच्या दिवशी काय करू?"

वॉचमन मागे सरला. मी बाजूला कुंडीच्या कठड्यावर बसले. मला आमच्या गावच्या शाळेतले गणिताचे सर आठवत होते.

सरांचे पाय लुळे होते. भाऊ त्यांना सायकलवरून शाळेच्या फाटकापर्यंत आणून सोडायचा. तिथून वर्गापर्यंत आम्ही त्यांना लाकडी खुर्चीत बसवून उचलून न्यायचो, तीन पायऱ्या चढून. कोणी उचलायचं यावरून भांडणं व्हायची. पहिल्या पाच नंबरातली मुलं तो मान स्वतःकडे ठेवायची. मी दोन वर्षं खुर्चीचा मागचा डावा पाय धरला, आणि आपण सरांची सेवा करतो याचा मला अभिमान होता. आज मला जे काही येतं त्याची सुरुवात त्या माणसाने केली. पण सर शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नसत, हेही मी दोन वर्षं रोज बघितलं होतं. आम्हाला वाटायचं, त्यांना तहान कमी लागते. मधल्या सुट्टीत स्वतःला खाली न्यायला सांगावं लागू नये म्हणून ते कोरड्या घशाने सात तास शिकवत होते, हे मला लोअर परळच्या त्या कुंडीपाशी बसल्यावर कळलं. आणि मग आदल्या दिवशीचा चहाचा कपही कळला. कॉलेजातलं स्वच्छतागृह कुठे आहे, दार किती रुंद आहे, हे मी ताईसाठी बघितलंच नव्हतं.

दादरकर घड्याळ बघत होता. साडेदहा झाले होते, चार वाजता प्रोजेक्ट जमा करायचा होता. "आता काय करायचं? डेटा सगळा कचरा निघाला."

ताईचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. ती रस्त्याकडे बघत होती. पाण्याचे मोठे जार लादलेली ट्रॉली ढकलत एक माणूस आवारात शिरला होता. काळ्या पायरीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. इमारतीच्या कडेने सरळ डावीकडे वळला.

"हा कुठे चालला?" ताई म्हणाली, आणि खुर्ची त्याच्या मागे वळवली.

इमारतीच्या मागे मालाचं फाटक होतं. आत कचऱ्याचे मोठे डबे ओळीने लावलेले आणि त्यांच्या पुढे सिमेंटचा लांब, सौम्य चढ. घसरू नये म्हणून त्यावर आडव्या रेघा पाडलेल्या. पाणीवाला ट्रॉली घेऊन त्यावरून चढत होता. जारमधलं पाणी नुसतं हिंदकळत होतं.

तो परत आला तेव्हा ताईने त्याला गाठलं. "दादा, तुम्ही पुढून का नाही जात?"

"पुढे एक उचल आहे," तो म्हणाला.

"उचल म्हणजे?"

"म्हणजे ट्रॉली एकदा उचलायला लागते. आपल्या धंद्यात तेवढंच बघायचं. रोज साठ-सत्तर जार पोचवायचे. जागोजाग उचलत बसलो तर माझी कंबर राहील काय?" त्याने हाताने आजूबाजूला दाखवलं. "त्या बँकेला पुढून दोन उचल, बाजूच्या गल्लीतून शून्य. कोपऱ्यावरचा डोळ्यांचा दवाखाना शून्य. समोरच्या टॉवरला लिफ्टपाशी एक लपलेली उचल आहे, नवा माणूस तिथे हमखास आपटतो."

मी वही काढली. तो माणूस वीस मिनिटं उन्हात उभा राहून आम्हाला सांगत होता आणि एकदाही त्याला आठवावं लागलं नाही. मी त्याचे आभार मानले तर म्हणाला, "कसले आभार? मला आजवर हे कोणी विचारलंच नव्हतं."

दादरला परतायला साडेबारा झाले. मी ताईला आधी तळमजल्यावरचं स्वच्छतागृह दाखवलं. दार आम्ही दोघींनी मोजलं, खुर्ची जेमतेम आत गेली. मग ती चहा प्यायली, दोन कप.

मी पुन्हा फोन उचलला. त्याच चौतीस जागा; रविवारच्या बंद होत्या तिथे वॉचमन नाहीतर शिपाई फोनवर आला. या वेळी विचारलं, "तुमच्याकडे पाण्याचे जार येतात ना? ट्रॉली आत आणताना कितीदा उचलायला लागते?" आता कुणीच "नाही, या तुम्ही" म्हणेना. मेडिकलवाले काका म्हणाले, "उचलायलाच लागते, पोरगा रोज कटकट करतो." एका शाळेचा शिपाई म्हणाला, "पुढून तीनदा. मागून आणली तर एकदाही नाही, पण किल्ली माझ्याकडे असते." प्रत्येकाला बरोबर आकडा माहीत होता. दोन वाजता दादरकराने नवी माहिती भरली. चौतीसमधले नऊ ठिपके हिरवे राहिले.

तो खुर्चीत मागे टेकला. "अगं, हे दाखवून आपण काय जिंकणार? नकाशाला गोवर आल्यासारखा दिसतोय. ऐक ना, डेमोला कालचा दाखवू. फक्त डेमोला. परीक्षकांना कुठे कळणार आहे?"

मी लगेच नाही म्हटलं असतं तर लिहायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. मी कालच्या हिरव्या माळेकडे बघत राहिले. मला जिंकायचं होतं. घरी फोन करून सांगायचं होतं.

"सोमवारी त्या रस्त्याने मी जाणार आहे," ताई म्हणाली. "परीक्षक नाही जाणार."

"कालचा पुसून टाक," मी दादरकराला म्हटलं. "नाहीतर मला पुन्हा मोह होईल."

त्याने माझ्याकडे बघितलं, "च्यायला, तुम्ही दोघी पण ना," म्हणाला आणि पुसला. मग मात्र तो असा कामाला लागला की साडेतीनपर्यंत त्याने मान वर केली नाही. प्रत्येक ठिपक्यावर आता नुसता रंग नव्हता. पुढून किती उचल, मागून किती, दार कोणत्या बाजूला, किल्ली कुणाकडे, असं सगळं होतं. वाट सगळीच हिरवी नव्हती, पण जी हिरवी होती ती खरी होती.

सादरीकरण व्यासपीठावर होतं आणि व्यासपीठाला तीन पायऱ्या होत्या. आयोजकांच्या ते आत्ताच लक्षात आलं आणि त्यांची धावपळ सुरू झाली. ताई म्हणाली, "राहू दे, आम्ही खालूनच बोलतो." आम्ही तिघंही खालूनच बोललो. एका परीक्षकांनी विचारलं, "कल्पना चांगली आहे, पण सगळ्या शहराला ही कशी लावणार?" मी म्हटलं, "सर, प्रत्येक गल्लीत पाणी, गॅस, पार्सल पोचवणारी माणसं आहेत. सगळं त्यांच्याकडे आधीपासून आहे. त्यांना विचारायचं फक्त राहिलंय." त्यांनी मान डोलावली. बक्षीस दुसऱ्या गटाला मिळालं. त्यांचं ॲप दिसायला सुंदर होतं, बोलतही होतं. मी टाळ्या वाजवल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्या आठवड्यात ताईने ऑफिसला मेल लिहिला. पुढची पायरी पाच बोटं उंच आहे, मला मागच्या फाटकाने यावं लागेल, आणि हे कायमचं चालणार नाही. आपण याची नोंद घेतली आहे, असं उत्तर आलं. "माझीच भाषा मला परत पाठवली," ती म्हणाली.

सोमवार आला. दारातली फळी हलू नये म्हणून भावाने ती आदल्या रात्रीच खिळ्यांनी पक्की करून ठेवली होती. मी सोबत येते म्हटलं, तर तिने साफ सांगितलं, "तू यायचं नाहीस. तू आलीस तर मी एकटी गेले असं होईल का?" मी माझ्या ऑफिसात फोन समोर ठेवून बसले होते. सव्वानऊला तो वाजला.

"पोचले," ती म्हणाली. "फाटकाशी आहे. हा आत सोडत नाहीये."

"कोण?"

"मागचा वॉचमन. म्हणतो, हे मालाचं गेट आहे, स्टाफला इथून परवानगी नाही. मी त्याला म्हटलं, मग मला माल समज. तर म्हणतो, मालाची पावती लागते."

मला हसू आलं आणि रडूही. "मी येऊ का? टॅक्सीने येते लगेच."

"येऊन काय करशील, उचलशील? नको. साहेबांना फोन लावते. तू तुझं काम कर."

मी काम केलं नाही. एक तास स्क्रीनवरचं एकच पान बघत बसले. तिचा भाऊ ड्युटीवर होता. तो असता तर तिला उचलून त्या पायरीवरून आत ठेवून मोकळा झाला असता, आणि उद्यापासून तोच रस्ता ठरला असता. ती परत फिरली असती तर तेही कुणी चुकीचं म्हटलं नसतं. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मला माहीत होतं. मी सगळ्यांची माफी मागून घरी गेले असते.

सव्वादहाला पुन्हा फोन आला. मागे माणसांचे आवाज होते, कीबोर्डचे आवाज होते.

"साहेब खाली आले. आधी म्हणाले, पुढे या, आपण चार जणांना बोलावू. मी म्हटलं, सर, मी इथेच थांबते, तुम्ही हे फाटक उघडायला सांगा. पाऊण तास थांबले गं. कोण कोण येऊन बघून गेलं. शेवटी उघडलं. मग मी त्यांना म्हटलं, चला ना बरोबर, मला लिफ्ट कुठेय ते माहीत नाही."

"माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. पण ते चालले माझ्याबरोबर. कचऱ्याच्या डब्यांजवळून, सगळा चढ. नाकाला रुमाल लावून म्हणाले, इथे फार वास येतो हो. मी म्हटलं, हो सर, मलाही आला. वर पोचलो. मग म्हणाले, पुढच्या पायरीचं बघतो. मी विचारलं, कधी? म्हणाले, या आठवड्यात. मी विचारलं, कुठल्या दिवशी?"

"काय म्हणाले?"

"शुक्रवारी. त्यांच्यासमोर डायरीत लिहिलंय मी. शुक्रवारी नाही झालं तर पुढच्या सोमवारी पुन्हा त्यांना खाली बोलावणार." कुणीतरी तिला काहीतरी विचारलं, तिने त्याला उत्तर दिलं. मग मला म्हणाली, "ठेव आता. लॉगिन करायचंय. आधीच एक तास गेलाय."